ऑनलाइन लिलावातली टपाल तिकिटं: संग्राहकांना काय सापडतं, बोली कशी चालते आणि खोटं कसं ओळखायचं?

आज जरा वेगळा विषय घेतोय. मोबाइल नाही, ॲप नाही, तर टपाल तिकिटं. पण हा छंद आज जवळजवळ पूर्णपणे ऑनलाइन गेलाय. शिवाय आपण सगळे ज्या 'ऑटोमॅटिक बोली'च्या पद्धतीने ऑनलाइन लिलावात भाग घेतो, तिचं मूळ तिकिटांच्या व्यापारात आहे, हे मलाही फार उशिरा कळलं.

आधी माझी एक चूक सांगतो, कारण पुढचा सगळा लेख त्यातूनच आलाय.

मी मूळचा वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचा. आजोबा शिक्षक होते. १९५० नंतरच्या काळात भूदानाच्या कामामुळे त्यांचा पवनारशी आणि वर्ध्याशी बराच पत्रव्यवहार होता. ती सगळी पाकिटं, पोस्टकार्डं एका पत्र्याच्या पेटीत होती. मी पाचवीत असताना शाळेत तिकीट जमवायचं वेड आलं. मग मी आणि माझ्या चुलतभावाने काय केलं? पाकिटांवरची सगळी तिकिटं कापली, कोमट पाण्यात भिजवून काढली, पुसून वहीत चिकटवली. उरलेली पाकिटं आंघोळीच्या बंबात गेली. घरात कोणी रागावलं नाही, कारण कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

ती वही आजही माझ्याकडे आहे. तीनशेच्या वर तिकिटं आहेत. बाजारात सगळ्यांचे मिळून फार तर काहीशे रुपये येतील. जी पाकिटं जाळली, त्यांची किंमत मात्र आता काढताच येत नाही. पैशातही नाही आणि घराच्या दृष्टीने तर नाहीच.

तिकीट, शिक्का आणि पाकीट: किंमत नेमकी कशाची?

नवीन माणसाला वाटतं की जुनं तिकीट म्हणजे महाग तिकीट. तसं नसतं. सरकार तिकिटं कोटींनी छापतं. त्यामुळे शंभर वर्षं जुनं तिकीटसुद्धा पाच-दहा रुपयांना मिळू शकतं. किंमत ठरते ती साधारण चार गोष्टींवर:

- किती छापलं आणि त्यातलं किती उरलं
- छपाईत काही चूक आहे का
- स्थिती कशी आहे (फाटलेलं, दुमडलेलं, दाते तुटलेलं नको)
- पाकिटासकट आहे का, आणि शिक्का वाचता येतो का

चौथा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. अख्ख्या पाकिटाला संग्राहक 'कव्हर' म्हणतात. कव्हरवर पत्र कुठून निघालं, कुठे पोचलं, किती दिवस लागले, वाटेत कोणी उघडलं, हे सगळं नोंदवलेलं असतं. तिकीट कापलं की यातलं बहुतेक सगळं गेलं. कॉम्प्युटरच्या भाषेत सांगायचं तर तिकीट ही फाइल आहे आणि शिक्का हा तिचा मेटाडेटा. आम्ही मेटाडेटा जाळून फाइल ठेवली होती.

संग्राहकांच्या आवडत्या गोष्टी

१) गांधीजींचं १० रुपयांचं तिकीट (१९४८)

भारतीय तिकिटांमध्ये हे सगळ्यात प्रसिद्ध. गांधीजींच्या हत्येनंतर १५ ऑगस्ट १९४८ ला चार तिकिटं निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. त्यावर 'बापू' हा शब्द देवनागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांत आहे. आयुष्यभर स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या माणसाची ही तिकिटं छापली मात्र स्वित्झर्लंडमधल्या कुर्व्हाझिए या छापखान्यात!

साधं १० रुपयांचं तिकीट महाग आहे, पण बाजारात मिळतं. खरी दंतकथा आहे ती 'सर्व्हिस' असा इंग्रजी शब्द वरून छापलेल्या तिकिटांची. ती फक्त गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी होती आणि असे जेमतेम १०० संच तयार झाले. त्यातलं एक १० रुपयांचं तिकीट २०११ मध्ये जिनिव्हातल्या लिलावात दोन लाख डॉलरच्या आसपास गेलं. २०१७ मध्ये अशाच एकमेकांना जोडलेल्या चार तिकिटांसाठी ऑस्ट्रेलियातल्या एका संग्राहकाने ५ लाख पौंड मोजले. म्हणजे सुमारे ४ कोटी रुपये.

आता यातली गोम बघा. साध्या तिकिटावर एक शब्द छापला की किंमत शेकडो पटींनी वाढते. म्हणजे खोटं करणाऱ्याला फक्त एक शब्द छापायचा आहे. त्यामुळे ऑनलाइन कुठेही 'सर्व्हिस' वालं गांधी तिकीट काही हजारांत दिसलं, तर ते खोटं आहे असंच समजून पुढे जा.

२) ग्वाल्हेरची स्पेलिंगची चूक

शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानात ब्रिटिश भारताचीच तिकिटं चालायची, फक्त त्यावर इंग्रजीत आणि हिंदीत संस्थानाचं नाव छापलेलं असायचं. काही तिकिटांवर इंग्रजी नावात शेवटून दुसऱ्या 'ओ' या अक्षराच्या जागी चुकून 'सी' पडलंय. ऑनलाइन शिकाऱ्यांची ही लाडकी गोष्ट आहे. कारण विकणारा बऱ्याचदा 'ग्वाल्हेरची ५० तिकिटं' असा एकच फोटो टाकतो आणि स्वतः भिंग लावून बघत नाही. फोटो मोठा करून एकेक तिकीट बघायची चिकाटी असेल, तर साध्या लॉटच्या भावात अशी चूक हाती लागू शकते.

३) निजामाच्या तिकिटांवरची मराठी

हैदराबाद संस्थानात मराठवाडा होता. त्यामुळे निजामाच्या अनेक तिकिटांवर उर्दू, इंग्रजी, तेलुगूसोबत मराठीही दिसते. ही तिकिटं खूप स्वस्त आहेत. मराठी माणसाने सुरुवात करायची असेल, तर माझ्या मते यापेक्षा चांगली जागा नाही. पैसे कमी लागतात आणि तिकीट वाचता येतं.

४) खादीवर छापलेलं तिकीट (२०११)

फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीत भरलेल्या जागतिक टपाल तिकीट प्रदर्शनात भारतीय डाक विभागाने गांधीजींचं १०० रुपयांचं तिकीट चक्क खादीच्या कापडावर छापून काढलं. हे पुष्कळ लोकांनी मूळ फोल्डरसकट जपून ठेवलंय, म्हणून चांगल्या स्थितीत मिळतं. वर्धेकरांच्या संग्रहात हे हवंच. सोबत जमनालाल बजाज (१९७०) आणि विनोबा भावे (१९८३) यांची तिकिटंही घ्या. ती अगदी किरकोळ भावात मिळतात.

५) सेगाव आणि सेवाग्रामची कव्हरं

ही माझी स्वतःची आवड. गांधीजी एप्रिल १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला गेले. बोलण्यात त्याला शेगावही म्हणत. अडचण अशी, की त्याच रेल्वेमार्गावर पुढे बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचं शेगाव आहे. रोज ढिगाने येणारी टपालं चुकून तिकडे जायला लागली. शेवटी १९४० मध्ये गावाचं नाव 'सेवाग्राम' ठेवलं. म्हणजे एका गावाचं नाव टपालाच्या घोळामुळे बदललंय! पत्ता युनिक नसला की काय होतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

म्हणून 'सेगाव, वर्धा, सी.पी.' असा पत्ता असलेली १९३६ ते १९४० ची कव्हरं संग्राहकांना प्रिय आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या कव्हरांवर सेन्सॉरने पाकीट उघडून चिकटवलेली पट्टीही असते. पत्र गांधीजींच्या नावाचं नसलं तरी चालतं. आश्रमातल्या कार्यकर्त्याला आलेलं साधं पोस्टकार्डसुद्धा त्या काळाचा पुरावा असतं.

बोली कशी चालते? (आणि ती तिकिटवाल्यांनी कशी शोधली)

ऑनलाइन लिलावात तुम्ही तुमची जास्तीत जास्त रक्कम टाकता आणि सिस्टीम तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते. याला प्रॉक्सी बिडिंग म्हणतात. उदाहरण बघू:

- लॉटची सुरुवात: ₹३००
- माझी कमाल रक्कम: ₹२,०००
- दुसऱ्याची कमाल रक्कम: ₹१,२००
- बोलीचा टप्पा: ₹५०

मी जिंकतो, पण ₹२,००० देत नाही. ₹१,२५० देतो. म्हणजे दुसऱ्या नंबरच्या बोलीपेक्षा फक्त एक टप्पा जास्त.

अर्थशास्त्रात याच्या जवळच्या पद्धतीला विक्री लिलाव म्हणतात. हा आपला 'विक्री' शब्द नाही बरं का! विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये त्याचं गणित मांडलं आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण डेव्हिड लकिंग-रायली या दुसऱ्या अर्थतज्ज्ञाने जुने कॅटलॉग चाळले, तेव्हा कळलं की अमेरिकेतले तिकिटांचे व्यापारी १८९३ मध्येच ही पद्धत वापरत होते. कारण अगदी व्यावहारिक होतं. लांबच्या गावातला संग्राहक लिलावाला येऊ शकत नव्हता. तो पत्राने कमाल रक्कम कळवायचा. व्यापाऱ्याने ती पूर्ण रक्कम घेतली असती, तर पुढच्या वेळी त्याने कमी लिहिली असती. म्हणून 'तुम्ही खरी रक्कम लिहा, आम्ही दुसऱ्या नंबरच्या हिशोबानेच पैसे घेऊ' असं ठरलं. १९९५ मध्ये ईबे सुरू झालं आणि पोस्टातली हीच युक्ती पुढे कोडमध्ये आली.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवा:

- तुमची खरी कमाल रक्कम एकदाच ठरवा आणि टाका. 'अजून शंभर, अजून शंभर' करत बसलात की तुम्ही तिकिटाशी नाही, समोरच्या माणसाशी भांडत असता.
- काही साइटवर वेळ संपली की लिलाव बंद होतो. तिथे लोक शेवटच्या पाच सेकंदांत बोली टाकतात. काही ठिकाणी शेवटी बोली आली की वेळ आपोआप वाढते. कुठे कोणता नियम आहे ते आधी वाचा.
- विकणाराच दुसऱ्या अकाउंटवरून भाव वाढवत असेल, तर प्रॉक्सीचा फायदा त्यालाच होतो. एकाच विक्रेत्याच्या लॉटवर एकच खातं सतत बोली लावून सतत हरतंय असं दिसलं, की तिथून निघा.

भारतात २००४ मध्ये ईबेने बाझी डॉट कॉम विकत घेतलं आणि बऱ्याच संग्राहकांची ऑनलाइन सुरुवात तिथे झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये ईबेची भारतीय साइट बंद झाली. त्यानंतर पुष्कळ व्यवहार फेसबुक आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले. तिथे ॲडमिन रात्री फोटो टाकतो, लोक खाली आकडे लिहितात. प्रॉक्सी नाही, बोलीची पक्की नोंद नाही, पैसे परत मिळायची सोय नाही. ओळखीच्या लोकांत ठीक आहे, अनोळखी ठिकाणी जपून.

मोठ्या लिलावघरांच्या ऑनलाइन लिलावात अजून एक गोष्ट असते: जिंकलेल्या बोलीवर वेगळं कमिशन आणि कर. बोली लावताना हे धरूनच हिशोब करा.

शोधायचं कसं? सर्चच्या युक्त्या

सगळ्यांना दिसतं ते स्वस्तात मिळत नाही. म्हणून असं शोधा, की जे बाकीच्यांच्या सर्चमध्ये येतच नाही.

- चुकीची स्पेलिंग टाका. वर्ध्याचं इंग्रजी स्पेलिंग एकोणिसाव्या शतकात वेगळं होतं. 'ए' च्या जागी 'यू' असायचा. सेवाग्राममध्ये कोणी 'व्ही' लिहितो, कोणी 'डब्ल्यू'.
- गावाचं जुनं नाव टाका. आपल्या तालुक्याची, स्टेशनांची जुनी नावं घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.
- 'विकले गेलेले' हा फिल्टर लावा. विक्रेता मागतो तो भाव खरा नसतो, झालेली विक्री खरी असते.
- सेव्ह सर्च करून ईमेल अलर्ट लावा. मी आधी स्क्रिप्ट लिहून पानं ओढायचा प्रयत्न केला होता. बहुतेक साइटच्या नियमांत ते बसत नाही. अलर्टने तेच काम होतं.
- 'जुनी भारतीय पाकिटं, मिश्र' असे गठ्ठ्याचे लॉट बघा. शीर्षकात काही नसतं, जे असतं ते फोटोत असतं.

माझी ₹३,८०० ची शिकवणी

तीन वर्षांपूर्वी मला एक कव्हर दिसलं. लाल रंगाचं एक आण्याचं जॉर्ज सहाव्याचं तिकीट, त्यावर गोल शिक्का, त्यात 'सेवाग्राम' आणि तारीख १९३८. पाकीट मस्त पिवळं पडलेलं. मी ₹३,८०० ला जिंकलो. पुण्याहून गावी गेलो तेव्हा मोठ्या कौतुकाने आजीला दाखवलं. आजी पंच्याऐंशीच्या पुढची आहे. तिने चष्मा लावून तारीख मला दोनदा वाचायला लावली आणि म्हणाली, "काहून रे बाबू, अडतीस साली सेवाग्राम कुठून आलं? तेव्हा तर शेगाव म्हणत ना. आमचा बा तर मरेपर्यंत शेगावच म्हणे."

झालं! १९४० च्या आधी ते नावच नव्हतं. १२०० डीपीआयवर स्कॅन केलं तर शिक्क्याची शाई म्हणजे निळे, लाल, पिवळे बारीक ठिपके. इंकजेट प्रिंटर. विक्रेत्याला मेसेज केला तर खातं बंद. साइटची तक्रारीची मुदतही उलटून गेली होती.

मी रोज कोड लिहितो, डेटा तपासतो. पण एक साधी तारीख तपासली नाही. आजीने ती एका मिनिटात पकडली. त्या दिवसापासून मी कव्हर घेण्याआधी एक यादी बघतो. ती तुम्हालाही देतो.

वर्ध्याच्या कव्हरसाठी तारखांची यादी

- १९३७ चा उत्तरार्ध: जॉर्ज सहाव्याची तिकिटं सुरू. त्याआधीच्या तारखेच्या पाकिटावर ती असतील, तर गडबड.
- १९४०: सेगावचं सेवाग्राम झालं.
- ऑगस्ट १९४२ ते मे १९४४: गांधीजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. या काळात सेवाग्रामहून त्यांनी स्वतः पाठवलेलं पत्र असू शकत नाही.
- ऑगस्ट १९४६: गांधीजींनी सेवाग्राम सोडलं. ते परत तिथे आले नाहीत.
- १९५० पर्यंत: पत्त्यात 'सी.पी.' म्हणजे मध्य प्रांत.
- २ ऑक्टोबर १९५०: आंतरदेशीय पत्र सुरू.
- १९५० ते १९५६: वर्धा मध्य प्रदेशात, म्हणून पत्त्यात 'एम.पी.'.
- १९५६ ते १९६०: द्विभाषिक मुंबई राज्य. १ मे १९६० पासून महाराष्ट्र.
- १ एप्रिल १९५७: आणे गेले, नवे पैसे आले.
- १५ ऑगस्ट १९७२: पिनकोड सुरू. ही पद्धत आखली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. '१९६५' च्या पाकिटावर ४४२००१ लिहिलेलं असेल, तर ते नंतर लिहिलंय.

एक सावधानता: लोक जुन्या सवयीने पुढेही काही वर्षं 'सी.पी.' लिहीत राहिले. म्हणजे जुनी गोष्ट उशिरा दिसली तर चालेल. नवी गोष्ट आधी दिसली तर अजिबात चालणार नाही. हा एकच नियम पाठ केला तरी अर्धी फसवणूक टळेल.

घरच्या घरी तपासणी

महागडी यंत्रं लागत नाहीत. स्कॅनर, भिंग आणि फुकटचं एडिटिंग सॉफ्टवेअर पुरे.

- छपाई बघा. १९४८ ची गांधी तिकिटं फोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापली आहेत. भिंगाखाली त्यात जाळीसारखी एकसारखी बारीक घरं दिसतात. घरगुती प्रिंटरच्या नकलेत वेगवेगळ्या रंगांचे विस्कटलेले ठिपके दिसतात.
- दाते मोजा. तिकिटाच्या कडेला दोन सेंटिमीटरमध्ये किती दाते बसतात, यावरून त्याचं माप ठरतं. या गांधी तिकिटांचं माप साडेअकरा आहे. तुमचं तेरा येत असेल, तर विषय संपला.
- शिक्का तिकिटावरून पाकिटावर गेलाय का? तो दोन्हीकडे सलग हवा. तिकिटाच्या कडेपाशीच तुटत असेल, तर तिकीट नंतर चिकटवलेलं असण्याची शक्यता मोठी.
- रंग वेगळे करा. गिंपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोचे लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल वेगवेगळे बघता येतात. तिकीट लाल असेल तर फक्त लाल चॅनल बघा. लाल भाग तिथे फिका पडतो आणि काळा शिक्का उठून दिसतो. माझ्या त्या वहीतल्या कितीतरी अर्ध्या शिक्क्यांची अक्षरं मी अशी वाचली.
- फोटो उलटा शोधा. गूगल लेन्समध्ये लॉटचा फोटो टाका. तोच फोटो आधी दुसऱ्या विक्रेत्याच्या नावावर सापडला, तर घेऊ नका.
- रक्कम मोठी असेल तर तज्ज्ञांचं प्रमाणपत्र मागा. लंडनची रॉयल फिलाटेलिक सोसायटी १८६९ पासून आहे, अशा संस्था तिकीट तपासून लेखी मत देतात. विक्रेता प्रमाणपत्राचं नाव काढताच चिडत असेल, तर तेच उत्तर समजा.

विकताना कायदा लक्षात ठेवा

घरात गांधीजींचं, विनोबांचं किंवा आश्रमातल्या कोणाचं हस्ताक्षरातलं पत्र असेल, तर ते परदेशी साइटवर टाकायची घाई करू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाचं हस्तलिखित किंवा दस्तऐवज ७५ वर्षांपेक्षा जुनं असेल तर ते पुरावस्तूत मोडतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे सेवाग्राममधल्या गांधीजींच्या दिवसांची सगळी पत्रं आता या मर्यादेत येतात. अशा कागदांची किंमत सरकारलाही कळते. २०१२ मध्ये गांधीजी आणि त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख यांच्याशी संबंधित कागदपत्रं लंडनमध्ये लिलावाला निघाली होती, ती भारत सरकारने लिलावाआधीच विकत घेतली.

सुरुवात कशी कराल?

पहिल्याच दिवशी बोली लावू नका. पोस्टात फिलाटेली डिपॉझिट अकाउंट उघडा. ₹२०० पासून उघडता येतं आणि नवीन तिकिटं दर्शनी किमतीत घरी येतात. घरात सहावी ते नववीतलं मूल असेल, तर डाक विभागाची दीनदयाळ स्पर्श योजना बघा. त्यात तिकीट संग्रहासाठी वर्षाला ₹६,००० शिष्यवृत्ती मिळते. नंतर एक विषय ठरवा. माझा सल्ला: तुमचं गाव. तुमच्या गावाची माहिती लंडनच्या व्यापाऱ्याकडे नाही, पुण्या-मुंबईच्या संग्राहकाकडेही नाही. ती तुमच्या आजीकडे आहे, आणि या बाजारात त्यापेक्षा चांगला सर्च फिल्टर नाही.

शेवटी, मला काय सापडलं?

गेल्या वर्षी 'जुनी पाकिटं, ३५ नग, मिश्र' असा एक लॉट ₹१,४०० ला घेतला. फोटोत एका पोस्टकार्डाचा कोपरा दिसत होता आणि त्यावर आर्वीच्या शिक्क्याची तीन अक्षरं. कार्ड आलं. आर्वीहून पवनारला, १९५४, पत्त्यात 'एम.पी.'. सगळं यादीत बसलं. अक्षर आजोबांचं नव्हतं. खरं सांगतो, तो शिक्का बघितल्यापासून मी तीच आशा धरून होतो.

कार्ड आजीला वाचून दाखवलं. एका सभेचा निरोप होता, जमीन द्यायला तयार झालेल्या दोन शेतकऱ्यांची गोष्ट होती आणि शेवटी पावसाची चौकशी. आजी म्हणाली, "असीच पत्रं होती आपल्या पेटीत." बाजारात त्या कार्डाचे दोन-तीनशे रुपये येतील. मी ते विकणार नाही.

तुमच्या घरी अशी पेटी असेल, तर तिकिटं कापू नका, भिजवू नका, रद्दीत देऊ नका. पाकीट आहे तसं ठेवा, दोन्ही बाजू स्कॅन करा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून वाचा. किंमत नंतर काढता येते. जळलेलं पाकीट कुठल्याच लिलावात मिळत नाही.